घाट उतरताना गिअर खाली घेतला की गाडी झटका का देते? रेव्ह मॅचिंग सोप्या भाषेत

तुम्ही तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आलात, क्लच सोडला आणि गाडीने एकदम नाक खाली घातलं. मागे बसलेल्यांची डोकी पुढे आली, इंजिन ओरडलं, आणि आई म्हणाली, "हळू चालव रे!" खरं तर तुम्ही हळूच चालवत होतात. मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा झटका ओळखीचा आहे. तो टाळायला बहुतेक जण क्लच अगदी हळूहळू सोडतात. झटका जातो, पण तो कुठे जातो? क्लच प्लेटमध्ये. तिथे तो उष्णता होऊन जिरतो, आणि प्लेट थोडी थोडी झिजत राहते.

दुसरा उपाय म्हणजे झटका तयारच होऊ द्यायचा नाही. क्लच सोडण्याआधी इंजिनाचा वेग नव्या गिअरला हवा तेवढा करून ठेवायचा. यालाच रेव्ह मॅचिंग म्हणतात. यूट्यूबवर हे नाव शोधलं तर रेसिंगचे व्हिडिओ दिसतात, त्यामुळे हा शौकीन मंडळींचा उद्योग आहे असं वाटतं. पण याचा खरा उपयोग रेस ट्रॅकवर नाही, उतारावर आहे. आणि उतार म्हटलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ, तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदशैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाट, आणि सुरत-नागपूर महामार्गावर विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारी. एमएच-३९ पासिंगची गाडी असेल, तर यातला एखादा घाट तुमच्या वाट्याला येणारच.

## गिअर बदलताना आत काय होतं?

हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

गाडीत फिरणाऱ्या दोन गोष्टी आहेत असं धरा. एक इंजिन, दुसरी चाकं. यांच्या मध्ये गिअरबॉक्स आहे, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाची जड तबकडी फिरत असते. क्लच प्लेट या तबकडीला स्प्रिंगच्या जोरावर घट्ट चिकटलेली असते. तुम्ही पेडल दाबलं की प्लेट सुटते आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. पेडल सोडलं की ती पुन्हा चिकटते.

आता मुद्दा असा. गाडी एखाद्या वेगाने चालली असेल, तर त्या गिअरमध्ये इंजिनाचा आरपीएम किती असणार हे ठरलेलं असतं. त्यात तुमच्या मर्जीला जागा नाही. एका छोट्या हॅचबॅकचं उदाहरण घेऊ. समजा तिचे गिअर रेशो पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ३.५, १.९, १.३, ०.९५ आणि ०.७५ आहेत, फायनल ड्राइव्ह ४.१ आहे, आणि चाक एका फेरीत १.९ मीटर अंतर कापतं. (तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण हिशोब हाच.)

ताशी ४० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६६७ मीटर. त्याला १.९ ने भागलं की चाकाच्या मिनिटाला ३५१ फेऱ्या येतात. फायनल ड्राइव्हच्या ४.१ ने गुणलं की १४३९. आता हा आकडा तिसऱ्या गिअरच्या १.३ ने गुणा: साधारण १८७० आरपीएम. दुसऱ्याच्या १.९ ने गुणा: साधारण २७३०.

म्हणजे ४० च्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर इंजिनाला १८७० वरून २७३० वर जावंच लागणार. साधारण ८६० चा फरक कुणीतरी भरून काढायचा आहे. आणि होतं काय, तर क्लच दाबल्यावर आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, त्यामुळे आरपीएम वाढायच्या ऐवजी पडतो. गिअर पडेपर्यंत तो १२०० वर आलेला असतो. आता फरक १५०० चा झाला! या अवस्थेत क्लच सोडला, की चाकं इंजिनाला ओढून २७३० पर्यंत नेतात. ओढायला लागणारी ताकद येते गाडीच्या वेगातून. गाडी क्षणभर मागे ओढल्यासारखी होते. हाच तो झटका.

दोन कॉम्प्युटरनी डेटा पाठवण्याआधी एकमेकांशी स्पीड ठरवून घ्यावा, तसाच हा प्रकार. वर्षानुवर्षं क्लच हे काम आपल्या वतीने गुपचूप करत असतो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

## मग सिंक्रोनायझर कशासाठी असतो?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, अगदी मेकॅनिकल शिकलेल्यांचाही. "गाडीत सिंक्रोमेश आहे, आता हे सगळं करायची गरज काय?" असा प्रश्न येतो.

गिअरबॉक्समधले पुढे जायचे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण लिव्हर सरकवतो तेव्हा गिअर नाही, एक स्लीव्ह सरकते आणि तिचे दाते हव्या त्या गिअरच्या बाजूच्या दात्यांत बसतात. दोघांचा वेग सारखा नसेल तर दाते दात्यांवर आपटतात आणि 'कर्रर्र' असा आवाज येतो. हे टाळायला मध्ये एक शंकूच्या आकाराची रिंग बसवलेली असते, बऱ्याचदा पितळेची. ती आधी गिअरला घासते, वेग सारखा करते, आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची ही कल्पना १९२८ मध्ये कॅडिलॅकच्या गाड्यांत पहिल्यांदा आली.

पण लक्षात घ्या, ही रिंग फक्त गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवते. क्लच दाबलेला असताना तिला फिरवायचं असतं ते एवढंच: क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर. हे वजन हलकं असतं. इंजिन मात्र क्लचच्या पलीकडे आपल्याच तंद्रीत फिरत असतं. त्याच्याशी सिंक्रोनायझरचं काही देणंघेणं नाही. म्हणून गिअर लोण्यासारखा पडतो आणि तरीही क्लच सोडल्यावर झटका बसतो.

म्हणजे जुळवायच्या जागा दोन आहेत. गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोनायझर जुळवतो. क्लचपाशी एकतर क्लच घासून जुळवतो, नाहीतर तुम्ही रेस देऊन जुळवता.

जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसायचा. तेव्हा ड्रायव्हरला दोन्ही कामं स्वतः करावी लागायची. क्लच दाब, न्यूट्रलमध्ये आण, क्लच सोड, रेस दे, पुन्हा क्लच दाब, गिअर टाक. यालाच 'डबल क्लच' म्हणतात. तुमच्या गावात साठीच्या पुढचे कुणी निवृत्त ट्रक ड्रायव्हर असतील तर त्यांना विचारा, पाय आपोआप हलवून दाखवतील. आजच्या कारमध्ये याची गरज नाही. रिंग झिजून गिअर कर्रकर्र करायला लागला असेल तर डबल क्लचने काम भागतं, पण तो गॅरेजला जाईपर्यंतचा जुगाड समजा.

जाता जाता: रिव्हर्स गिअर टाकताना कर्र आवाज येतो, त्याचं कारणही हेच. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर दिलेलाच नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन सेकंद थांबा, मग टाका.

## गिअर वर नेताना

हे सोपं आहे. वरच्या गिअरमध्ये आरपीएम कमी लागतो आणि पाय काढला की तो आपोआप कमी होतोच. आपल्या उदाहरणात ताशी ३० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं तर २०५० वरून १४०० वर यायचं. म्हणजे फक्त थोडं थांबायचं. लिव्हर खस्सकन न ओढता न्यूट्रलपाशी जेमतेम जाणवेल एवढी उसंत द्यायची, काटा खाली आला की क्लच सोडायचा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर.

अडचण येते ती नव्या गाड्यांत. अनेक बीएस-६ गाड्यांमध्ये पाय काढल्यावरही आरपीएम लगेच पडत नाही, क्षणभर तिथेच लटकतो. धूर कमी ठेवण्यासाठी कॉम्प्युटर थ्रॉटल हळूहळू बंद करतो म्हणून असं होतं. गाडी बिघडलेली नाही. अशा गाडीत क्लच घाईने सोडला तर गाडी पुढच्या बाजूला धक्का देते. उपाय एकच, आणखी थोडं थांबणं. डिझेल गाड्यांचं फ्लायव्हील जड असतं, तिथेही काटा आळसावल्यासारखा खाली येतो.

## गिअर खाली आणताना: खरी गोष्ट

पुन्हा तेच उदाहरण. ताशी ४०, तिसरा गिअर, काटा १८७० वर. समोर उतार आहे आणि दुसरा हवा आहे.

आधी ब्रेक मारून वेग हवा तेवढा कमी करा. मग ब्रेकवरून पाय काढा, क्लच दाबा, लिव्हर दुसऱ्यात न्या, आणि क्लच दाबलेलाच असताना उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला एक छोटी टिचकी द्या. आपण बोलीत 'रेस दे' म्हणतो ना, तीच, पण मोजून. काटा २७०० च्या आसपास गेला की क्लच सोडा. बरोबर जमलं तर काहीच होत नाही. झटका नाही, ओरडा नाही. इंजिनाचा आवाज फक्त एक सूर वर जातो आणि गाडी कुणीतरी मागून हळूच धरून ठेवल्यासारखी वाटते.

रेस कमी पडली तर नेहमीचा झटका बसतो, फक्त थोडा सौम्य. जास्त झाली तर गाडी पुढे उसळते. सुरुवातीला चूक करायचीच असेल तर किंचित जास्त बाजूची करा, कारण तुम्ही क्लच सोडेपर्यंत काटा थोडा खाली आलेला असतोच.

किती रेस द्यायची याचा आकडा पाठ करायची गरज नाही. दोन गिअरच्या रेशोचा भागाकार करा. दुसरा भागिले तिसरा, १.९ भागिले १.३, म्हणजे साधारण दीडपट. तिसरा भागिले चौथा साधारण १.४ पट. चौथा भागिले पाचवा सव्वापट. दुसऱ्यातून पहिल्यात येताना मात्र जवळपास पावणेदोनपटीहून जास्त, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकणं एवढं खडबडीत वाटतं.

गंमत म्हणजे हे कानाने जास्त लवकर जमतं. काट्याकडे बघायची सवय लावू नका, घाटात नजर रस्त्यावरच हवी. ४० च्या वेगात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी वाजते हे एकदा कानात बसलं की पाय तो सूर शोधतो.

हील-अँड-टो नावाचा प्रकारही तुम्ही पाहिला असेल: एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही. माझं स्पष्ट मत, आपल्या रस्त्यावर तो शिकायच्या भानगडीत पडू नका. ट्रॅकवर ब्रेक सोडायला वेळ नसतो म्हणून तो लागतो. तोरणमाळला वेळच वेळ आहे. आणि पाय घसरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर खाली दरी आहे.

## घाटात याचा जीवाशी संबंध कसा?

तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. खाली यायचं म्हणजे 'सात पायरी' घाटाची वळणं उतरायची. चार माणसं बसलेली छोटी कार साधारण १२०० किलोची होते. ती समजा ७०० मीटर उंची उतरली, तर तिच्यातली सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत २६ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापतं. पाण्याचा एक मोठा जार आणि वर आणखी सहा लिटर! हवा आणि टायर यांच्या घर्षणात त्यातला काही भाग जातो. उरलेला सगळा तुम्ही ब्रेकच्या चार छोट्या चकत्या-ड्रममध्ये ओतायचा ठरवलात, तर ते किती तापतील याचा अंदाज करा.

तापल्यावर दोन गोष्टी होतात. ब्रेक पॅडची पकड कमी होते, याला ब्रेक फेड म्हणतात. पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. दुसरं जास्त वाईट: ब्रेक ऑइल उकळतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुनं होईल तसं कमी तापमानाला उकळायला लागतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं, ओलावा शोषलेल्यासाठी हीच अट १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ब्रेक जागेवर असूनही लागत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. गाडी किती किलोमीटर चालली याचा इथे संबंध नाही.

हा ताप ब्रेकवरून काढून घ्यायचा मार्ग म्हणजे इंजिन ब्रेकिंग. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असल्यामुळे पिस्टनला हवा जोर लावून ओढावी लागते, शिवाय आतलं घर्षण असतं. हा सगळा विरोध गाडीला धरून ठेवतो. गिअर जितका खालचा तितकी धर जास्त. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही चालतो: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

आता रेव्ह मॅचिंग इथे कुठे आलं ते बघा. गिअर खाली घेतला की झटका बसतो, म्हणून लोक उतारावर गिअर खाली घ्यायलाच कचरतात. चौथ्यातच राहतात आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. झटक्याची भीती गेली की खालचा गिअर घेणं सहज होतं.

पावसाळ्यात आणखी एक कारण असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यातले रस्ते ओले, त्यावर माती वाहून आलेली, काही ठिकाणी शेवाळ. अशा वेळी क्लच धाडकन सोडला, तर इंजिन ज्या चाकांना जोडलंय ती चाकं क्षणभर रस्त्यावरची पकड सोडू शकतात. बहुतेक छोट्या कार पुढच्या चाकांवर चालतात, त्यात स्टिअरिंग क्षणभर ऐकत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप आणि पिकअपमध्ये शेपूट बाजूला सरकतं. वळणात हे झालं तर सावरायला जागा नसते. म्हणून गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच बदला. वळणात शिरताना क्लच पूर्ण सुटलेला हवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि त्यात जीव गेले. त्या अपघाताची कारणमीमांसा करायची ही जागा नाही. पण आपल्याकडे घाटात मागे माणसं भरलेली वाहनं रोज धावतात. भार वाढला की उतरताना जिरवायची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. वरचं गणित १२०० ऐवजी अडीच हजार किलोवर करून बघा, ५० लिटरच्या वर पाणी उकळतं.

## "न्यूट्रल मार, पेट्रोल वाचेल"

हा सल्ला तुम्ही नक्की ऐकला असेल. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर किल्लीच बंद करतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात यात थोडंफार तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ते उलटं आहे.

गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला आहे आणि आरपीएम पुरेसा आहे, हे दिसलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर सुरू राहायचं असतं, त्यामुळे त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा पेट्रोलही जाळतो आणि इंजिन ब्रेकिंगही गमावतो.

किल्ली बंद करणं तर सरळ धोक्याचं. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की साठलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जातं. किल्ली पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

## एक चूक जी खरंच महाग पडते

'इंजिन ब्रेकिंगने इंजिन खराब होतं' असं म्हणतात. काटा लाल पट्ट्याच्या आत असेल तर नाही होत. उतारावर ३००० चा आवाज ऐकून घाबरू नका, इंजिन त्यासाठीच बनलंय.

पण ताशी १०० ला पाचव्यातून चौथ्यात यायच्या ऐवजी हात घसरून लिव्हर दुसऱ्यात गेला, तर? आपल्या उदाहरणात काटा ६८०० च्या पुढे जाईल. इथे रेव्ह लिमिटर वाचवत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो, आणि इथे इंजिनाला पेट्रोल नाही, चाकं पळवतायत. व्हॉल्व्ह वेळेत बंद झाले नाहीत तर पिस्टन त्यांच्यावर आपटू शकतो. याला 'मनी शिफ्ट' म्हणतात, कारण बिल मोठं येतं. पाचव्यातून चौथ्यात येताना लिव्हर मुठीत आवळून डावीकडे ढकलू नका. तळहाताने सरळ मधे येऊ द्या, आतली स्प्रिंग तो तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत स्वतः आणते, मग खाली ओढा.

## फोनचा उपयोग

आपल्या साइटवर आल्यावर फोन निघणारच. पहिला उपयोग झटका मोजण्याचा. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजणारा प्रयोग उघडा. फोन गाडीच्या तळाशी सपाट, वरचं टोक पुढे करून, हलणार नाही असा चिकटवा. रेकॉर्डिंग शेजारच्याने सुरू करायचं, चालवणाऱ्याने नाही. मग सरळ रस्त्यावर ४० ला तिसऱ्यातून दुसऱ्यात पाच वेळा रेस न देता या, पाच वेळा रेस देऊन. घरी येऊन वाय अक्षाचा आलेख बघा. पहिल्या पाचांत खाली जाणारे टोकदार काटे दिसतील. दुसऱ्या पाचांत ते बुटके होत गेले तर तुमचा पाय शिकतोय.

दुसरा उपयोग ज्यांच्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही त्यांच्यासाठी. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथ अडॅप्टर लावून टॉर्कसारख्या अ‍ॅपवर आरपीएम आणि वेग दोन्ही दिसतात. प्रत्येक गिअरमध्ये सारख्या वेगाने थोडं अंतर चालवा, शेजारच्याला आकडे लिहायला सांगा, आणि आरपीएमला वेगाने भागा. तुमच्या गाडीचा स्वतःचा तक्ता तयार. पण चालू गाडीत रेस जुळवायला या अ‍ॅपकडे बघू नका. स्वस्त अडॅप्टरमधून आकडा सेकंदाला काही वेळाच येतो आणि उशिरा येतो. तुमचं रेव्ह मॅचिंग अर्ध्या सेकंदात होऊन गेलेलं असतं.

## सराव कुठे आणि कसा

आधी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. काटा १५०० वरून २५०० वर एका टिचकीत नेता येतो का बघा. पहिल्या दिवशी तो चार हजारावर उडेल, चालायचंच. मग पहाटेचा मोकळा, सपाट, सरळ रस्ता. फक्त तिसऱ्यातून दुसऱ्यात, फक्त ४० च्या वेगात, मागे कुणी नाही याची खात्री करून. हे हाताखाली बसलं की चौथ्यातून तिसऱ्यात. घाट सगळ्यात शेवटी, आणि तोही कोरड्या दिवशी.

घाटात गेल्यावर उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर निवडा. अरुंद जागी चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, कारण थांबून पुन्हा चढावर उचलणं तिला जड जातं. इंजिन ब्रेकिंग असूनही वेग वाढत असेल तर ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी थोडा जोरात दाबून वेग नीट कमी करा आणि सोडा, म्हणजे चकत्यांना गार व्हायला वेळ मिळतो. जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास तरी थांबाच. गरम ब्रेकवर पाणी ओतू नका, चकती वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

## ऑटोमॅटिकवाल्यांचं काय?

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओसोबत एएमटी स्वस्त गाड्यांत आली. ती आतून मॅन्युअलच असते, क्लच आणि लिव्हर फक्त मोटर चालवते. त्यामुळे तुमच्या एएमटी गाडीत गिअर बदलताना जी डुलकी जाणवते, ती हीच वेग जुळवायची धडपड. घाटात तिला मॅन्युअल मोडमध्ये टाका आणि गिअर स्वतः धरून ठेवा, नाहीतर उतारावर ती आपल्या मनाने वरचा गिअर घेऊ शकते. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आयएमटी आली: लिव्हर तुमच्या हातात, क्लचचं पेडलच नाही. आणि खऱ्या तीन पेडलच्या मॅन्युअलमध्ये कॉम्प्युटरने स्वतः रेस जुळवून द्यायची सोय निसानने ३७०झेड या स्पोर्ट्स कारमध्ये २००८-०९ च्या सुमारास पहिल्यांदा दिली.

इलेक्ट्रिक कारमध्ये बदलायला गिअरच नसतात. उतारावर मोटर उलट जनरेटर बनते आणि ते २६ लिटर पाणी उकळणारं काम बॅटरीत परत भरते. फक्त तोरणमाळला वर मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के चार्ज करून निघालात, तर ती ऊर्जा ठेवायला जागाच उरत नाही आणि गाडीची धर कमी होते. अशा वेळी ८०-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवून खाली उतरा.